वळचणीबाहेरची शेगडी

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी दूध उतू गेलं. पातेलं नवं होतं, गॅस नवा होता, आणि ज्या ओट्यावर गॅस ठेवला होता तो ओटा दोन चाकांवर उभा होता.

गंगाखेडला परळी रस्त्यावर वीरुपाक्षचा ट्रॉल्या बांधायचा कारखाना आहे. वीस वर्षं तो ऊस वाहायच्या ट्रॉल्या बांधत आला. यंदा जानेवारीत त्यानं पहिल्यांदाच एक वेगळा ट्रेलर पुरा केला. जीपमागं जोडायचा, आत चौघांना निजता येईल एवढी जागा, पाण्याची टाकी, छोटा ओटा, भिंतीत देवळी आणि दाराला उंबरठा. उंबरठा ठेवला तो पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. कल्पना त्याच्या बायकोची, त्रिवेणीची. कारखान्यातलं मोजमाप आणि गिऱ्हाईक दोन्ही तीच सांभाळते.

ट्रेलरचे दोन उपयोग ठरलेले होते. शनिवार-रविवारी तो भाड्यानं द्यायचा, कारण परभणी-जिंतूरकडची मंडळी येलदरी धरणाच्या पाण्यावर मुक्कामाची सोय शोधत असतात. आणि पाडव्याला त्यातून भागम्मांना श्रीशैलला न्यायचं.

भागम्मा वीरुपाक्षच्या आई. सत्तरी ओलांडलेली, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि एक नेम : घरच्या विस्तवावर शिजलेलंच खायचं. लग्नाला गेल्या तर शिधा घेऊन येतात आणि घरी येऊन शिजवतात. कुणाला त्याचा राग येत नाही. सोयरे त्यांच्या नावाची डाळ-तांदळाची पुडी आधीच बाजूला काढून ठेवतात. याच नेमापायी श्रीशैल राहून गेलं होतं. तिथल्या मल्लय्याची वाट लांबची, वाटेत मुक्काम करावा लागतो, आणि घरचा विस्तव काही सोबत येत नाही. ट्रेलर झाला म्हणजे घरच वाटेला लागणार होतं.

चूक झाली ती पूजेच्या आधी. पूजेला बोलावलेल्या स्वामींनी दारात उभं राहून सरळ विचारलं होतं, पूजा गाडीची करायची का घराची. गाडीची असती तर चाकाखाली लिंबू, समोर नारळ, पुढं हार, झालं. वीरुपाक्ष तेव्हा चाकापाशी जॅक लावून बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, आईला विचारा. भागम्मा नुकत्याच आतून बाहेर आल्या होत्या, देवळीत डोकावून आणि ओट्यावरून हात फिरवून. त्यांनी सांगितलं, घर.

म्हणून उंबरठ्याची पूजा झाली, देवळीत दिवा लागला, दूध तापलं आणि पूर्वेच्या अंगाला उतू गेलं. सगळ्यांना बरं वाटलं. सरकारी कागदावर ते वाहनच राहिलं. घरच्यांच्या लेखी मात्र त्या सकाळपासून ते घर झालं.

त्याचा अर्थ त्रिवेणीच्या ध्यानात आला संध्याकाळी, पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा. महारुद्र हा जिंतूरचा सरकी-पेंडीचा व्यापारी. त्याला दोन मित्रांच्या कुटुंबांसोबत येलदरीला एक रात्र काढायची होती. बायका-पोरं ट्रेलरमध्ये आणि गडीमाणसं तंबूत. त्यानं ट्रेलर फिरून पाहिला, पलंगावर बसून पाहिला, पसंत केला, आणि एकच गोष्ट विचारली : मासे भाजायची काय सोय?

त्रिवेणी म्हणाली, चार दिवसांत सांगते.

या घरात मांस-मच्छी शिजत नाही. पण दुसऱ्यानं खाऊ नये असं कुणी कधी म्हटलेलं नाही. शेतावरचे गडी सणासुदीला मटण करतात, आणि भागम्मा स्वतः आपल्या स्वयंपाकघरातलं तिखट-मीठ त्यांना देत आल्यात. अट एकच, ती त्यांच्या सासूच्या वेळेपासूनची : चूल वळचणीच्या बाहेर मांडायची. छपरावरचं पाणी जिथं ठिबकतं तिथपर्यंत घर. भिंतीच्या बाहेर असलं तरी त्या रेघेच्या आत असेल तर ते घरातच.

वीरुपाक्षनं मात्र महिनाभर आधीच एक हिकमत करून ठेवली होती. परदेशातल्या अशा ट्रेलरांच्या चित्रफिती पाहून त्यानं बाहेरच्या भिंतीला एक पक्का कंस, म्हणजे ब्रॅकेट, जोडला होता. त्यावर गॅसची घडीची शेगडी अडकवायची, काम झालं की काढायची. कंस सुबक होता आणि घराच्या भिंतीला होता.

जेवताना त्यानं तोड काढली. स्वामींना परत बोलवू आणि गाडीची पूजा करून घेऊ.

“उतू गेलेलं दूध परत पातेल्यात भरतंय व्हय रे?” भागम्मांनी विचारलं.

मग त्यानं दुसरी तोड काढली. मच्छी खाणारांना ट्रेलर द्यायचाच नाही. त्यावर त्रिवेणी म्हणाली की तिनं विचारपूस करून पाहिली आहे. येलदरीला जाऊन वरण-भात खाणारं एकही गिऱ्हाईक तिला अजून भेटलेलं नाही. भागम्माही तिच्याच बाजूनं होत्या. लोकांनी खावं, सुखानं खावं, त्यांचं म्हणणं एवढंच की वळचणीबाहेर खावं. एकदा जरी आत शिजलं तर त्या घरात त्या पाय ठेवणार नाहीत आणि श्रीशैलचा विषय संपला. हे त्यांनी आवाज न चढवता, भाकरी मोडता मोडता सांगितलं. त्यात धमकी नव्हती. माहिती होती.

तेव्हा शोधायची होती ती नुसती मासे भाजायची शेगडी नव्हती. घरासोबत हिंडणारी, पण घरात कधीच न येणारी शेगडी हवी होती. असा विचार करून शेगडी कुणी विकायला ठेवत नाही. त्रिवेणीनं आधी विचार केला आणि मगच बाजार धुंडाळला. पुढचं सगळं त्यामुळं जमत गेलं.

पहिला प्रश्न आला : चाकाच्या घराची वळचण कुठली? ट्रेलरच्या कडेला ताडपत्रीचा मांडव बाहेर ओढता येतो. वरच्या कडेला आकडे आहेत, त्यात ताडपत्री अडकते, आणि पुढचं टोक दोन काठ्यांवर टेकतं. भागम्मांनी मांडव लावायला सांगितला आणि बन्सीधरला वरून बादलीभर पाणी ओतायला लावलं. बन्सीधर कारखान्यातला जुना वेल्डर. पाणी ताडपत्रीवरून घरंगळलं आणि पुढच्या कडेनं मातीवर ओली रेघ उमटली. भागम्मांनी त्या रेघेवर रांगोळी ओढली.

“ही वळचण,” त्या म्हणाल्या.

मग शेगडी प्रवासात ठेवायची कुठं? आत तर नाहीच. त्रिवेणीनं ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर, जिथं तो जीपला जोडतात तिथं, लोखंडी पेटी बसवायचं सुचवलं. पुन्हा पाणी ओतलं. समोरचं पाणी भिंतीलगत पडलं, दांडी कोरडी राहिली. भागम्मांनी मान्य केलं : दांडी म्हणजे अंगण.

वीरुपाक्षला राहवलं नाही. “गाडी पळायली की अंगण कुठं ऱ्हातंय, आई?”

“घर पळालं तर अंगण बी पळतंय. तू ब्रेक बघ.”

त्यानंतरचे आठ-दहा दिवस कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत शेगड्यांची परीक्षा चालली. यात एक अडचण होती. परीक्षा घेणारीनं आयुष्यात मासा भाजताना जवळून पाहिलेला नव्हता. वांगी आणि मक्याची कणसं तिनं भाजून पाहिली, सगळ्याच शेगड्या त्यात पास झाल्या. वांगं कुठंही भाजतं. तेव्हा तिनं बन्सीधरला मासे आणायला सांगितलं.

बन्सीधरची बायको तानुबाई माळकरी. त्याच्या घरीही हाच कायदा, उलट जास्त कडक. त्यानं वीरुपाक्षला सांगितलं, “अप्पा, तुमच्यात वळचण तरी हाय. मला तर पार लिंबाखाली हाकललंय. पाऊस आला तर मी आन कोंबडी दोगं बी भिजतो.” या वनवासामुळं त्याचा हात मात्र तयार झाला होता. वारा, ओल, कच्चा कोळसा यातलं त्याला काही नवं नव्हतं.

त्रिवेणी वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची टाकून बसली. धूर दुसरीकडं जात होता. तिनं नाकाला पदर लावला नाही, तोंड वळवलं नाही. ती नीट बघत होती आणि विचारत होती. जाळीला का चिकटलं? आता सुटलं ते का सुटलं? ठिणगी कशानं उडाली? चरबी गळली की आग वर का येते आणि ती खाली कशी बसवायची? बन्सीधर आधी लाजला, मग रंगात आला आणि शेवटी चक्क थकला. एका माशाला एवढे प्रश्न त्याला कुणी विचारले नव्हते.

पहिली शेगडी मागवलेली, पातळ पत्र्याची, घडीच्या पायांची पेटी. दिसायला देखणी, उचलायला हलकी. तासाभरात तिचा तळ लाल झाला, काळ्या मातीत एक पाय रुतला, आणि वाऱ्याची झुळूक आली तशा ठिणग्या शेजारच्या कडब्याच्या गंजीकडं निघाल्या. त्रिवेणीनं स्वतः पाणी मारून ती विझवली आणि पुन्हा पेटवू दिली नाही.

दुसरी वीरुपाक्षच्या आवडीची गॅसची. कंसावरून काढून ती स्टुलावर ठेवली तर वाऱ्यानं विझायला लागली. शिवाय तिला सिलिंडर लागणार, आणि सिलिंडर आतल्या गॅसचा. एकाच नळीनं घरची भाकरी आणि बाहेरचा मासा, हे भागम्मांना विचारण्याची कुणाची हिंमत झाली नाही. त्रिवेणीनं शेगडी खोक्यात घालून परत पाठवली. वीरुपाक्षनं त्या रात्री कंस कापून काढला आणि भिंतीला नवा रंग दिला.

तिसरी त्यानं आणि बन्सीधरनं मिळून स्वतः बनवली, ट्रॉलीच्या तळाला लागणाऱ्या जाड पत्र्याची. इंगळ तिच्यात असा निवांत राहायचा की मासा एका बाजूनं दुसऱ्या बाजूसारखा तंतोतंत भाजायचा. पण ट्रॉली बांधणारानं बनवलेली शेगडी ट्रॉलीसारखीच झाली. तिला उचलायला दोघं लागले. हिला ओढायला अजून एक ट्रेलर लागंल, असं बन्सीधरच म्हणाला.

चौथी परभणीच्या एका हॉटेल-सामानाच्या दुकानातली. गोल, बिडाच्या ओतीव लोखंडाची, वर घुमटासारखं झाकण, झाकणाला आणि बुडाला हवेची भोकं, खाली राख पडायला वेगळी ताटली. एका हातानं उचलता यायची. चरबीची आग वर आली की झाकण टाकायचं, भोकं बंद करायची, आग आपसूक बसायची. वाऱ्याचं तिच्यापुढं चालत नव्हतं. वळचणीबाहेर, उघड्यावर राहणाऱ्या शेगडीला लागतं ते सगळं तिच्यात होतं. दोष एकच, पाय बुटके. मातीवर ठेवली की कुत्र्याच्या तोंडाशी.

पसंती इथं झाली, पण त्रिवेणीचं काम संपलं नव्हतं. तिनं बन्सीधरला सहज विचारल्यासारखं विचारलं, अर्धा मासा भाजून झाला आणि पाऊस आला तर शेगडी कुठं नेणार?

“मांडवाखाली. अजून कुठं, वैनी?”

उत्तर देऊन झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. पण असंच उत्तर कुणीही दिलं असतं. दार बंद ठेवता येतं, मांडवाला दार नसतं. वीरुपाक्ष म्हणाला, मोठ्या अक्षरांत सूचना रंगवून लावू. त्रिवेणीनं मान हलवली. माणूस पावसात सूचना वाचत नाही, अडलं की मात्र थांबतो.

तिनं शेगडीसाठी उंच बैठक बनवून घेतली. खालचे तीन पाय मुद्दाम एवढे पसरट की ती ट्रेलरच्या दारातून जाऊच नये. आणि बैठकीला मांडवाकडच्या अंगानं एक सरळ लोखंडी खांब जोडला, मांडवाच्या कडेपेक्षा हातभर उंच, वर कंदील अडकवायला आकडा. दिसायला तो उजेडाचा खांब. खरं काम वेगळं : शेगडी मांडवाखाली ढकलली की खांब कडेला अडणार. नियम तिनं लोखंडातच घालून ठेवला होता, कुणाला सांगायची, कुणाला अवघडवायची गरज ठेवली नव्हती.

बन्सीधरनं ती ढकलून पाहिली. अडली. तिरकी करून पाहिली. तरी अडली. भागम्मा शेगडीभोवती एक फेरी मारून आल्या. विझलेली होती तरी त्यांनी हात लावला नाही.

“शहाणी हाय,” त्या म्हणाल्या. शेगडीला म्हणाल्या की सुनेला, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. पण त्या दिवशी दुपारी त्यांनी श्रीशैलसाठी मेतकूट करायला घेतलं.

मार्चच्या पहिल्या शनिवारी महारुद्र ट्रेलर घेऊन येलदरीला गेला आणि रविवारी दुपारी परत आला. ट्रेलर घासूनपुसून स्वच्छ होता. चहा-खिचडी आतल्या गॅसवर झाली होती, मासे बाहेर. चपला सगळ्यांनी उंबरठ्याबाहेर काढल्या होत्या. देवळी बघितल्यावर आपोआपच काढल्या, असं तो म्हणाला. तो खूश होता आणि त्याला सगळं सांगायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी अवकाळी आलं. आधी धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, मग बोराएवढी गार. बायका-पोरं आत गेली. मासा अर्धा कच्चा. शेगडी मांडवाखाली घ्यायला गेले तर खांब अडला. त्यांना मासे विकणारा बजरंग नावाचा मच्छीमार तिथंच जेवायला थांबलेला होता. तो हसला आणि म्हणाला, शेगडी मांडवाकडं येत न्हाई तर मांडव शेगडीकडं न्या. त्यानं ताडपत्री सैल केली, ओढली आणि खांबाच्या टोकावर टाकली. खांबाचा झकास तंबू झाला.

“तुमच्या खांबानं लाज राखली बघा, वैनी,” महारुद्र म्हणाला. “एक तुकडा वाया गेला न्हाई.”

त्रिवेणीनं मांडवाच्या आकड्यांकडं पाहिलं. मग तिनं विचारलं, ताडपत्रीची ट्रेलरकडची बाजू आकड्यांतून सोडली होती का?

महारुद्रला प्रश्नाचं कारण माहीत नव्हतं. तरी त्यानं मनापासून आठवून पाहिलं. अंधारलं होतं. गार पडत होती. सोडली असेल. नाही तर एवढ्या लांब कशी पुरेल? पण ताडपत्री मोठी होती, तिरकी ओढली तर पुरलीही असेल. एखादा आकडा अडकलेला होता की काय. ते सगळं बजरंगनं केलं. फोनमधली छायाचित्रं त्यानं दाखवली. त्यात मासे होते, हसणारी तोंडं होती, खांब होता. ट्रेलरची कड एकाही चित्रात नव्हती.

तो गेल्यावर वीरुपाक्षनं दार लोटून घेतलं. त्याचं म्हणणं साधं होतं. पूर्ण सुटलेली असेल तर ती नुसती ताडपत्री. घराशी तिचा संबंध नाही, वळचण जागच्या जागी. एक आकडा जरी अडकलेला असेल तर छप्पर शेगडीपर्यंत गेलं आणि मासा घरात भाजला. कोण होतं बघायला? आईला सांगू, सुटलेली होती. तिचं श्रीशैल होईल. आणि खरंच सुटलेली असण्याचीच शक्यता जास्त.

“असंल,” त्रिवेणी म्हणाली. “पर मला माहीत न्हाई. माहीत न्हाई ते माहीत न्हाई म्हणूनच सांगायचं.”

“आन ती आलीच न्हाई तर?”

“तर न्हाई येणार. खोट्या घरात बसवून नेऊन तुमी त्यान्ला कुठं पोचवणार हाव?”

तिनं सासूला ओसरीवर जाऊन सगळं सांगितलं, गार, खांब, ताडपत्री, बजरंग, काही न वगळता. भागम्मा शेंगा फोडत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. ताडपत्री आणून दाखवू का, धुराचा वास बघायचा का, असं वीरुपाक्षनं मध्येच विचारलं. त्यांनी नको म्हटलं. धूर कुणाच्या मालकीचा नसतो, तो कुठूनही येतो. पाणी कुठून ठिबकलं तेवढं त्यांना कळायला हवं होतं.

“आकड्यातून सुटली हुती का, त्रिवेणी?”

“माहीत न्हाई, आत्याबाई.”

“बरं.” मग आणखी एक शेंग फोडून, “खांब चांगला केलास तू. माणसाची अक्कल खांबापेक्षा उंच असती, त्याला इलाज न्हाई.”

यात राग शोधायला गेलेल्याला राग सापडला नसता. त्यांनी सुनेला बोल लावला नाही, महारुद्रला लावला नाही, बजरंगला तर नाहीच. पावसात दुसऱ्याचं अन्न वाचवणारा माणूस वाईट नसतो असं त्या म्हणाल्या. पण ट्रेलरजवळ त्या गेल्या नाहीत. ज्याला माहीत आहे त्याला विचारा, एवढंच त्यांनी सांगितलं.

बन्सीधर एसटीनं जिंतूरला आणि तिथून येलदरीला गेला. बजरंग तिथं नव्हता. त्याचा फोन महिन्यामागं पाण्यात पडला तो पडलाच. कुणी म्हणालं, तो खालच्या सिद्धेश्वरच्या पाण्यावर जाळी टाकायला गेलाय. कुणी म्हणालं, सेनगावकडं सासरवाडीला. बन्सीधर सिद्धेश्वरपर्यंत जाऊन आला. तिथल्या मच्छीमारांनी बजरंगला पाहिलं होतं, पण आधीच्या आठवड्यात. बन्सीधरनं सगळीकडं आपला नंबर आणि एकच निरोप ठेवला : आल्याबरोबर फोन कर, माशाची तकरार न्हाई, फक्त एक गोष्ट विचारायची हाय.

दरम्यान त्रिवेणीनं दुसरी एक गोष्ट केली. पुढच्या गिऱ्हाइकासाठी तिनं खांबाचा वरचा आकडा काढला आणि टोकाला गुळगुळीत गोल बोंड बसवलं, ताडपत्री टाकली तर घसरून पडेल असं. मांडवाच्या आकड्यांना तिनं खिट्ट्याही लावल्या, त्या आतूनच उघडतात. झालेल्याला त्याचा उपयोग नव्हता, हे तिला माहीत होतं. तरी तिनं ते श्रीशैलला निघण्याच्या आधी केलं, नंतर नाही.

निघायचा दिवस आला तरी बजरंगचा फोन आला नव्हता. वीरुपाक्षला वाटलं, आई घरीच राहील. भागम्मा पहाटे अंघोळ, लिंगपूजा उरकून, काठाचं लुगडं नेसून बाहेर आल्या. ट्रेलरकडं न बघता त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसल्या. सोबत केळी, खजूर, भिजवलेले शेंगदाणे आणि घरच्या पाण्याचा कॅन. वाट तर चालू द्या, असं त्यांचं म्हणणं. मल्लय्याला भेटायला निघाल्यावर घरात बसून राहणं बरं नाही. कळेपर्यंत फळांवर. रात्री निजायला जीपची सीट आहे.

त्रिवेणीनं विचारलं, आणि कळलंच नाही तर?

“मग माझं मला ठरवावं लागंल. ते तुमच्यावर न्हाई.”

राणीसावरगाव, अहमदपूर, उदगीर असं करत गाडी दुपारी बिदरच्या अलीकडं पोचली. रस्त्याकडेला चिंचेची सावली बघून वीरुपाक्षनं ट्रेलर उभा केला. भिजवलेले शेंगदाणे भागम्मांनी दोघांनाही वाटले. एका लेकुरवाळ्या बाईनं वाटेवर थांबून ट्रेलर कुणाचा म्हणून विचारलं. भागम्मांनी खिडकीतूनच सांगितलं, आमच्या सुनेनं बांधलाय, आणि दार, टाकी, निजायची जागा सगळं बोटानं दाखवलं.

त्रिवेणीनं आत जाऊन गॅस पेटवला, पिठलं केलं, ज्वारीच्या भाकरी टाकल्या. मेतकुटाची बरणी उघडली. एक ताट तिनं वाढलं आणि दुसऱ्या ताटानं झाकून ओट्यावर ठेवलं. सासूला हाक मारली नाही.

बन्सीधर त्या वेळी सेनगावच्या बसस्टँडवर होता. बजरंगच्या सासरवाडीच्या गावाला जाणारी गाडी साडेतीनला आहे, असा त्याचा फोन येऊन गेला होता. त्यानंतर त्याचा फोन लागलेला नाही. ताट झाकलेलंच आहे. भागम्मांनी जीपचं दार उघडलंय, पाय खाली सोडलेत, आणि त्या बसून आहेत.